विकलं गेलेलं सातविणीचं झाड

काल संध्याकाळी मेट्रो स्टेशनचा जिना उतरत होते आणि सातवीण फुलल्याचं आधी नाकाला कळलं. झाड कुठे दिसत नव्हतं. समोर ई-रिक्षांची गर्दी, मोमोवाल्याच्या भांड्यातून निघणारी वाफ, हॉर्नचा कल्ला, आणि या सगळ्यावर कुणीतरी पातळ दुलई पसरावी तसा तो वास. गोड, जरासा कडसर, एकदा नाकात शिरला की निघायचं नाव न घेणारा. माझ्या पुढे उतरणारी मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "यार, ये स्मेल फिर से शुरू हो गई, मेरा तो सिर फटता है." मी मात्र कठडा धरून तिथेच उभी राहिले. मागून कुणीतरी "आंटीजी, चलिए ना," म्हणालं तेव्हा भानावर आले.

दिल्लीच्या उन्हाळ्याबद्दल आणि थंडीबद्दल सगळे बोलतात. त्या दोन्हींच्या मधले, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस कुणाच्या खिजगणतीत नसतात. ऊन ताकासारखं पातळ झालेलं असतं. पंखा लावला तर गार वाटतं, बंद केला तर उकडतं, आणि त्यावरून घरोघरी वाद चालतात. रजया गच्चीवर चढतात. संध्याकाळी जमिनीलगत एक धुरकट पट्टा उतरतो आणि त्यात दिवे लागले की रोजचेच रस्ते अनोळखी वाटायला लागतात. या दिवसांत मी सदा अर्धवट झोपेत असल्यासारखी वावरते. पन्नाशी उलटली तरी सातवीण फुलली की मी परत आर. के. पुरमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत असते, आणि आत बाबा खुर्ची सरकवून चित्र काढायला बसत असतात.

आमच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीसमोरच एक सातवीण होती. इतकी जवळ, की हात लांब केला तर पानांची चक्रं बोटांना लागायची. आई तिला सातवीण म्हणायची, खालच्या मजल्यावरच्या मिश्राआंटी छितवन म्हणायच्या, शेजारचे तमिळ काका आणखी काही निराळंच. पण तिच्यावर भूत राहतं याबाबत मात्र आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्या राज्यांचं एकमत होतं. परीक्षेच्या दिवसांत मी बाल्कनीत अभ्यासाला बसले की मिश्राआंटी खालून ओरडायच्या, "बेटा, अंदर जाओ, छितवन के नीचे बाल खोलके नहीं बैठते!" मी केस बांधायची आणि बसून राहायची. भुताला बांधलेले केस चालत असावेत.

बाबा एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. पुलांचे, बंधाऱ्यांचे आराखडे काढायचे. त्यांची रेघ म्हणजे रेघ होती. पट्टी न लावता मारलेली रेघ पट्टीनं तपासावी आणि पट्टीचीच चूक निघावी, अशी. घरातल्या डब्यांवर त्यांनी शाईनं लेबलं करून दिली होती, मोहरी, जिरे, धणे, खसखस. छापल्यासारखं अक्षर. पुण्याहून कुणी पाहुणे आले की आई आधी डबे दाखवायची, मग मला. आणि दर वर्षी सातवीण फुलली की एका रविवारी बाबा बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकायचे आणि झाडाचं एक चित्र काढायचे. फक्त काळी शाई, रंग नाही. वास कसा काढणार असं मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, "पानं नीट काढली की तो येतो."

माझ्या मनात हे दिवस ज्या वर्षाशी कायमचे बांधले गेलेत, ते वर्ष नव्या वस्तूंचं होतं. म्हणजे ती सगळीच वर्षं तशी होती. घरी केबल आली, वर्षानुवर्षं खिडकीत पाणी गार करणारा माठ रिटायर होऊन मोठा फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं. कॉलनीतल्या स्कूटरींच्या मधे मधे चकचकीत मोटारी उभ्या राहायला लागल्या. जो तो यमुनेपार नाहीतर गुडगावला फ्लॅट बुक करत होता आणि रविवारी बायका-मुलांना घेऊन शेतातला खड्डा बघायला जात होता. आमचाही एक खड्डा नोएडाला होता. बाबा रिटायर झाले की क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून घेतलेला.

घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला आई हळदकुंकू लावायची. हे काही विशेष नाही, आपल्याकडे सगळ्याच लावतात. पण आई त्यात अगदी काटेकोर होती. फ्रिजला, टीव्हीच्या रिमोटला, नव्या गॅसच्या नळीला, माझ्या कॉलेजच्या बसपासलासुद्धा. अनामिकेनं आधी हळदीचं बोट, मग त्याच्या शेजारी गोल ओलं कुंकू. बाबा तिला चिडवायचे, "एक बोट त्या वित्तमंत्र्यांना लाव, त्यांच्यामुळे आलंय हे सगळं." आई करंडा बंद करत म्हणायची, "भेटले तर लावीन."

आणि त्याच वर्षी बाबांचा हात हलायला लागला.

सुरुवातीला नुसती बशी वाजायची. उजव्या हातानं कप उचलला की एक बारीकसा किणकिणाट. मग बाबांनी अर्धा कप चहा घ्यायला सुरुवात केली, मग बशी सोडली, मग लोकांसमोर चहाच सोडला. "आत्ताच घेऊन आलोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. रिकामा हात पँटच्या खिशात राहायला लागला. त्या सुमाराला आईनं नवा डबा काढला होता आणि त्यावर लेबल करून मागितलं. 'ओवा' ही दोन अक्षरं बाबांनी इतकी बारीक काढली की डबा डोळ्यांजवळ न्यावा लागायचा. आईनं तो डबा मागच्या रांगेत ठेवला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. कंपवात, इंग्रजीत पार्किन्सन्स. गोळ्यांनी थोपवता येतो, बरा होत नाही. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बाहेर कुणाला कळता कामा नये. ड्राफ्ट्समनचा हात हलतो हे ऐकल्यावर मला कोण ड्रॉइंग बोर्डासमोर उभं करेल?" तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली. बाबांचा हात हलायला लागला की आई आणि मी, दोघी खाली बघायचो. मी ताटात, ती जमिनीकडे. मला वाटायचं आपण न बघितलं की ते झालंच नाही. त्या न बघण्यात मला किती एकटं वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि बाबांना किती वाटत असेल याचा विचार करायचं धाडस नव्हतं.

मंदामावशी आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहायची. नात्यानं कुणी नव्हे, पण आई तिला ताई म्हणायची, म्हणून ती बाबांना थट्टेनं जावईबापू म्हणायची. एका शाळेत चित्रकला शिकवायची, आवाज मोठा, पदर खोचलेला, अंगावर कायम कुठेतरी रंगाचा डाग. आदल्या वर्षी तिचा मोठा भाऊ गेला होता. याच आजारानं. ती त्याच्याबद्दल फारसं बोलायची नाही. पण त्या पावसाळ्याअखेरीस एक दिवस येऊन आईला म्हणाली, "सुमन, मी प्रदर्शन भरवतेय. चित्रांचं. जे येईल ते सगळं या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना. नुसतं थोपवून किती दिवस काढायचे माणसांनी? कुणीतरी शोधायला नको का?"

आईच्या हातातली लाटी तशीच राहिली. मंदामावशीला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ती ओट्याशी गेली, मागच्या रांगेतला ओव्याचा डबा उचलून डोळ्यांजवळ नेला आणि परत जागेवर ठेवला. "माझ्या दादाचं अक्षर असंच होत गेलं," एवढंच म्हणाली.

बाबांनी त्या वर्षीही सातवीण काढली होती. काढली आणि गादीखाली ठेवून दिली. मंदामावशीनं ते चित्र मागितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "ही रेघ माझी नाही," म्हणाले.

"मग कुणाची आहे?"

"ती त्या आजाराची आहे. ती काय लोकांना दाखवायची?"

चित्र मंदामावशीच्या हातात होतं. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. आधीच्या सगळ्या वर्षांच्या चित्रांत प्रत्येक पान जिथल्या तिथे, खिळा मारून बसवल्यासारखं असायचं. यात एकही रेघ स्थिर नव्हती. आणि त्यामुळे झाड हलत होतं. बाल्कनीत संध्याकाळी वारा सुटला की हलायचं ना, हुबेहूब तसं. मला त्या कागदातून वास आला, शप्पथ आला. हे मी बाबांना सांगायला हवं होतं का?

मंदामावशीनं बराच वेळ वाद घातला. शेवटी बाबा कबूल झाले, पण एका अटीवर. चित्राखाली नाव टाकायचं नाही.

प्रदर्शन गुडगावला भरलं. मंदामावशीच्या एका विद्यार्थिनीचे वडील बिल्डर होते, त्यांनी नव्या काचेच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं एक रिकामं शोरूम आठवडाभर वापरायला दिलं. तिथे अजून दुकानं लागायची होती. आत ओल्या प्लास्टरचा वास, बाहेर एका बाजूला काचेचे मजले आणि दुसऱ्या बाजूला बाजरीची कापलेली शेतं. आम्ही चित्रं बेडशीटमध्ये गुंडाळून व्हॅनमधून नेली. कॉलनीतल्या बंगाली काकांची जलरंगातली नदी, तमिळ काकूंची सोन्याच्या वर्खाची देवी, मंदामावशीच्या ओळखीच्या खऱ्याखुऱ्या चित्रकारांची मोठाली कॅनव्हास. बाबांचं छोटंसं चित्र मागच्या भिंतीवर, खिडकीजवळ लागलं. प्रत्येक चित्राच्या शेजारी पांढरं लेबल, त्यावर चित्रकाराचं नाव. बाबांच्या लेबलावर फक्त 'सातवीण', देवनागरीत, आणि खाली 'इंक ऑन पेपर'.

उद्घाटन दसऱ्याला सकाळी होतं. आम्ही लवकर पोचलो. वाटेत प्रत्येक मैदानात रावण उभे होते, संध्याकाळी जळायचं आहे याची कल्पना नसल्यासारखे हसरे. मी पुढच्या दारात फुलांच्या माळा लावत होते, मंदामावशी फोनवर पाहुण्यांना रस्ता समजावत होती. आई एकटी आत होती. सुट्टीचा दिवस, पण बाबा आले नव्हते. "शस्त्रांची पूजा करतो घरी बसून," म्हणाले होते. म्हणजे त्यांची पेनं, गुण्या, कंपास. दर दसऱ्याला पाटावर मांडून आई त्यांना हळदकुंकू वाहायची, या वर्षी ते पहिल्यांदाच स्वतः करणार होते.

पाहुणे आले, रिबन कापली, समोसे झाले. लोक भिंतींवरून हळूहळू फिरत होते, मान तिरकी करून बघत होते, वाहवा करत होते. पण विचारायला कुणी येईना. टेबलाशी मंदामावशी लाल गोल स्टिकरची पट्टी घेऊन बसली होती. चित्र विकलं गेलं की त्याच्या लेबलावर तो लाल ठिपका चिकटवायचा, ही चित्रप्रदर्शनांची पद्धत. दुपारपर्यंत त्या पट्टीतला एकही ठिपका उचलला गेला नाही. काचेतून आलेलं ऊन जमिनीवरून सरकत सरकत भिंतीला लागलं. मंदामावशीचा मोठा आवाज लहान होत गेला. "चित्रं आवडतायत गं लोकांना," ती मला म्हणाली, "मग झालंय काय?"

संध्याकाळी एक सरदारजी निरोप घ्यायला टेबलाशी आले. "बधाई हो मैडम! पहले ही दिन सब की सब बिक गईं. हम तो लेट हो गए जी."

मंदामावशी उठली. पहिल्या भिंतीपाशी गेली, दुसऱ्या भिंतीपाशी गेली. मग तिथूनच तिनं हाक मारली, "सुमन! इकडे ये आधी."

प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात एक छान गोल लाल ठिपका होता. आईच्या अनामिकेएवढा.

"अहो ताई, दसरा होता," आई म्हणाली. "नवं काम. चित्रांना नाही लावलं मी, एवढं कळतं मला. कागदालाच लावलंय ना?"

मंदामावशी आधी डोक्याला हात लावून मटकन खुर्चीत बसली आणि मग अशी हसायला लागली की सरदारजी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. आईला जेव्हा सगळं उमगलं तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उडाला. तिनं पर्समधून रुमाल काढला, पाण्यात बुडवला आणि लेबलं पुसायला लागली. मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. कुंकू निघालं, पण फिकट गुलाबी डाग राहिले. देवीचं झालं, नदीचं झालं. पुसत पुसत आई मागच्या भिंतीकडे वळली, आणि थांबली.

बाबा आले होते. आम्हाला न्यायला आलो म्हणून सांगायचं असणार, पण ते आमच्याकडे आलेच नव्हते. बाजूच्या दारानं येऊन ते सरळ खिडकीजवळच्या चित्रासमोर उभे होते. उजवा हात खिशात. वाकून लेबल बघत होते. त्यांनी मान वळवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला त्यांचा लहानपणीचा फोटो आठवला.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

आईनं ओला रुमाल मुठीत लपवला. "हो," म्हणाली. "सकाळीच."

बाबा पुन्हा एकदा लेबलाकडे वाकले. परतताना सगळी मैदानं धुरानं भरली होती, रावणांचे नुसते बांबू उरले होते, आणि त्या धुरातूनही मधेच सातविणीचा वास येत होता. घरी पोचल्यावर बाबांनी खिशातून कांचनाराची पानं काढून आम्हाला सोनं दिलं. आपट्याची पानं दिल्लीत शोधूनही मिळत नाहीत, इथले मराठी लोक कांचनारावर भागवतात. डाव्या हातानं दिलं, पण स्वतःहून दिलं.

मग तो आठवडा. त्या आठवड्याच्या आठवणी मला सलग येतच नाहीत. लेबलं पुसल्यावर चित्रं विकली जायला लागली, खरे लाल ठिपके दिसायला लागले. बाबांच्या लेबलाला मात्र आम्ही हात लावला नाही. मंदामावशीही त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. आणि ज्यांना यायचंच नव्हतं ते बाबा रोज ऑफिस सुटलं की चार्टर्ड बस बदलून गुडगावला यायला लागले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. लोक त्यांच्या चित्रासमोर थांबले की दुसरीकडे बघायचे, पण कान तिकडेच. काचेपलीकडे शेतं हळूहळू दिसेनाशी व्हायची, वरच्या मजल्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या, आणि आत उजेडात ते शाईचं झाड हलत राहायचं. मला ते सगळं खोटं आहे हे माहीत होतं आणि तरी मी सुखात होते. ते मोडू नये एवढंच मला वाटायचं. दिवाळीपर्यंत, नव्या घरापर्यंत, कायमचंच बाबांना वाटत राहावं की आपली ती रेघ कुणीतरी विकत घेतली.

त्या चित्रासमोर एक बाई परत परत यायच्या. मिसेस अरोरा. तिथेच जवळ नव्या सोसायटीत राहायच्या, येताना हातात भाजीची पिशवी असायची. बाकी काही न बघता मागच्या भिंतीपाशी जायच्या, उभ्या राहायच्या, निघून जायच्या. शेवटच्या दिवशी त्या आल्या तेव्हा चित्रं उतरवायला सुरुवात झाली होती. आई टेबलाशी थर्मासमधून चहा ओतत होती. बाबा त्यांच्या खुर्चीत होते.

"बहनजी," मिसेस अरोरा आईला म्हणाल्या, "वो पेड़ वाली जिसने ली है, उनसे बात हो सकती है क्या? मुझे वही चाहिए."

आईनं बाबांकडे पाहिलं आणि पटकन मान हलवली. "वो तो बिक गया जी. पहले दिनही."

"मेरी सास हैं ना, फुलकारी काढ़ती थीं. अब हाथ काँपता है. जो आख़िरी वाली काढ़ी, उसमें टाँके बिल्कुल ऐसे ही चले हैं." त्यांनी हवेत बोट नागमोडी फिरवलं. "उन्होंने उठा के संदूक में डाल दी. ख़ुद भी कमरे से नहीं निकलतीं, कोई आए तो दरवाज़ा बंद. मैंने सोचा ये ले जाऊँ, दिखाऊँ उनको. कि देखो मम्मीजी, किसी ने तो दीवार पे टाँगी है."

आईचा हात थर्मासवर तसाच राहिला. खरं सांगावं तर बाबा समोर, न सांगावं तर ही बाई समोर. मी जमिनीकडे बघायला लागले. मिसेस अरोरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "चलो, कोई बात नहीं. जिसकी क़िस्मत," म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

"सुनिए," बाबा म्हणाले. "वो बिकी नहीं है."

ते उठून चित्रापाशी गेले होते. "ये जो लाल है ना, ये मेरी मिसेस ने लगाया है. हमारे यहाँ नई चीज़ को कुंकू लगाते हैं. ये देखिए, बाजू में हल्दी भी है." आणि ती हळद दाखवायला त्यांनी खिशातून हात काढला. उजवा. पांढऱ्या कागदावरच्या त्या फिकट पिवळ्या डागासमोर त्यांचं बोट थरथरत होतं, आणि त्यांनी ते मागे घेतलं नाही. "तस्वीर मेरी है. मुझे वही बीमारी है जो आपकी माताजी को है. हाथ हिलता है, इसलिए लकीर ऐसी है."

मिसेस अरोरांनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग पुन्हा बोटाकडे. "फिर तो भाईसाहब," त्यांचा आवाज चिरकला, "आप घर चलके उनको ख़ुद बताइए."

"आऊँगा," बाबा म्हणाले.

आई जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती रागावली होती, दोन्ही एकदमच. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, बावीस वर्षं तुझं कुंकू बघतोय मी प्रत्येक डब्यावर. तू लावलेलं मला ओळखू येणार नाही?"

"कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी, पुन्हा वाकून बघितलं तेव्हा."

"मग आठवडाभर रोज इथे येऊन का बसलात?"

"तू 'हो' म्हणालीस ना," बाबा म्हणाले. "तुझा तो चेहरा बघून खरं बोलवेना. आणि मग इथे बसल्यावर..." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "चांगलं वाटत होतं गं."

मंदामावशीनं लाल स्टिकर आणून त्या कुंकवाच्या बरोबर शेजारी लावला. कुंकू पुसू दिलं नाही. मिसेस अरोरा म्हणाल्या, लेबल भी साथ दे दीजिए.

पुढे बाबा त्यांच्या घरी गेले, एकदाच नाही, बरेचदा. तिथे बाबा आणि मिसेस अरोरांच्या सासूबाई काय बोलायचे ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ऑफिसात त्यांनीच जाऊन सांगितलं, आणि कुणी बोर्डासमोरून हाकललं नाही, नकाशे तपासायचं काम दिलं. नोएडाच्या खड्ड्यातून घर वर आलं, आईनं त्याच्या उंबऱ्याला बोट लावलं. त्या प्रदर्शनाच्या पैशांतून डॉक्टरांना काय सापडलं ते मला ठाऊक नाही. आजार अजून आहे, शोधणारे अजून शोधतायत. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मंदामावशी गेली. आर. के. पुरमची ती क्वार्टर्स पाडायला घेतली तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेले होते, तर पत्र्याच्या कुंपणापलीकडे झाड होतं की नव्हतं तेच कळेना. गुडगावच्या एखाद्या भिंतीवर, एका फुलकारीच्या शेजारी, ते अजून हलत असेल असं मी धरून चालते. आमच्याकडे त्या वर्षीचं काही नाही. ओव्याचा डबा तेवढा आहे, तो मी पुढच्या रांगेत ठेवलाय.

पण काल जिन्यावर कठडा धरून उभी होते तेव्हा मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मला दिसत होता तो आवराआवर झालेला हॉल, भिंतींवर उरलेले खिळे, काचेबाहेर उतरलेला अंधूक उजेड. कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं आणि शेतांवरून थंड वारा आत येत होता. मिसेस अरोरा बेडशीटमध्ये गुंडाळलेलं चित्र छातीशी धरून बसल्या होत्या. आईनं सवयीनं बाबांना अर्धा कप चहा ओतला, बशीशिवाय, आणि त्यांच्या डाव्या हाताशी नेला.

"भरून दे," बाबा म्हणाले. "आणि बशी दे."

आईनं कप काठोकाठ भरला. बाबांनी तो उजव्या हातात घेतला. बशी वाजायला लागली, त्या रिकाम्या हॉलमध्ये केवढी तरी मोठ्यानं, चहा सांडून बशीत उतरला, आणि आई आणि मी दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.